बंगल्यावर लिहिलंत, आता तळ्यावरही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला बिल गेट्स यांच्या सिॲटलजवळच्या मेडिनातल्या बंगल्यावरचा लेख वाचला. ६६ हजार चौरस फुटांचं घर, बांधायला सात वर्षं, पाहुण्याने पिन लावली की तो जाईल त्या खोलीतले दिवे, तापमान, संगीत त्याच्या आवडीचं. १९९० च्या दशकात हे थक्क करणारंच होतं. पण ज्या लेक वॉशिंग्टनच्या काठी हे घर उभं आहे, त्या तळ्याला तुम्ही ‘नयनरम्य’ या एका शब्दात वाटेला लावलंत, याचं फार वाईट वाटलं.

मी पलीकडेच, बेलव्ह्यूला राहतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना ‘गेट्सचं घर’ दाखवावंच लागतं, आणि ते बोटीतूनच नीट दिसतं. बोटीत बसलं की मला मात्र पाणीच बघावंसं वाटतं.

कारण हे पाणी एकेकाळी नासलं होतं. काठच्या गावांचं मैलापाणी प्रक्रिया करून तळ्यात सोडलं जाई, पण त्यातला फॉस्फरस तसाच राही आणि त्यावर शेवाळ माजे. १९५५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. एडमंडसन यांच्या गटाला तळ्यात ऑसिलेटोरिया हे बिघडत चाललेल्या तळ्यांत वाढणारं निळं-हिरवं शेवाळ सापडलं, आणि पुढचं संकट त्यांनी ओळखलं. पाण्याची पारख करायची त्यांची रीत अगदी साधी: पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते मोजायचं. १९६० च्या दशकात उन्हाळ्यात ती जेमतेम एका मीटरवर नाहीशी होई.

मैलापाणी तळ्याबाहेर वळवायला सगळ्या गावांची मिळून एक संस्था हवी होती. मार्च १९५८ मध्ये मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. कार्यकर्ते पुन्हा दारोदार फिरले आणि सप्टेंबरमध्ये तो मंजूर झाला. खर्च लोकांनीच उचलला. १९६८ पर्यंत सगळं मैलापाणी वळवून झालं आणि तळं भराभर निवळलं. गेट्स यांचं घर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

पवई आणि रंकाळ्याच्या काठी राहणाऱ्या तुमच्या वाचकांना पिनेपेक्षा ही तबकडी जास्त उपयोगाची आहे. पुरवणीत एक पान द्या. लिहायला मी आनंदाने तयार आहे.

आपला,
एक वाचक, बेलव्ह्यू (वॉशिंग्टन राज्य, अमेरिका)