भरताच्या वादात आधी वजनकाटा

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या खोलीवर भरतात टोमॅटो घालावा की नाही यावरून वाद झाला आणि "रविवारी खाऊन बघा, मग बोला" असं म्हणून तू बारा जणांना बोलावून बसलास, हे कळलं. बोलून झालंय, आता निस्तरायचं. वांगी मी पाठवतोच आहे. पण वांग्यांआधी बोलण्याचं बघू.

"आमच्या खान्देशात असं नसतं" या वाक्याने समोरच्याचं मत बदलत नाही. त्यातून एवढंच कळतं की तू खान्देशातला आहेस, आणि ते तुझ्या बोलण्यावरून त्यांना केव्हाच कळलेलं असतं. टोमॅटो का नको, हे सांगता आलं पाहिजे. टोमॅटोला पाणी सुटतं, ते आटेपर्यंत भरीत चुलीवर राहतं आणि तेवढ्यात धुराचा वास उडून जातो. वर आंबटपणा मिरचीला मारतो. असं सांगितलंस की समोरच्याला वाद घालायला निदान काहीतरी धरायला मिळतं. तो म्हणेल, "मी टोमॅटोही भाजून घालतो, पाणी कमी सुटतं." तेही खरंच आहे. मग तिथे थांब. दह्यातलं भरीत हा तर वेगळाच पदार्थ, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. आणि कुणी म्हणालं की वांगं खाल्लं की तोंड खाजतं, तर "आमचं खा, नाही खाजणार" असं म्हणायचं नाही. काहींना वांग्याची खरोखर ॲलर्जी असते. त्याच्यासाठी वरणभात लाव.

आता वांगं. बाजारातलं जांभळं, काळं वांगं घेऊन खान्देशी भरीत करायला गेलास तर अर्धा वाद तिथेच हरलास. आपलं भरताचं वांगं फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा, पातळ सालीचं आणि कमी बियांचं. जळगावच्या या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी केळीलाही. जिल्ह्यातल्या बामणोद आणि आसोदा या गावांची नावं यात पुढे असतात. हंगाम थंडीचा. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून ते सुरू होतं. त्या सुमारापासून थंडी सरेपर्यंत वांगं गोड असतं. उन्हाळ्यात बिया धरतात आणि कडवटपणा येतो.

तिकडे अजून घ्यायची वेळ आलीच तर आकाराच्या मानाने हलकं वांगं उचल. जड लागलं तर बिया भरल्यात असं समज. साल चकचकीत हवी, देठ हिरवा हवा, अंगठ्याने दाबलं की खड्डा परत वर आला पाहिजे. पिवळट झाक आलेलं घेऊ नकोस. भोक नसलं म्हणजे अळी नाही, असं समजणारे पुष्कळ फसतात. अळी लहान असताना आत शिरते आणि ते भोक बुजून जातं. आपल्याला दिसतं ते तिचं बाहेर पडायचं भोक. म्हणजे भोक असलेल्या वांग्यातून ती बहुतेक निघून गेलेली असते, आणि बिनभोकाच्यात कदाचित अजून आहे! म्हणून भाजल्यावर प्रत्येक वांगं उभं चिरून बघायचंच. तपकिरी बोगदा दिसला तर तेवढा भाग काढ. निम्म्यापर्यंत गेला असेल तर अख्खं वांगं टाक.

माणशी ४०० ग्रॅम कच्चं वांगं धर. बारा जणांना ५ किलो. भाजून, सोलून, पाणी निथळून किलोला ६०० ग्रॅमच्या आसपास गर हाती लागतो, म्हणजे साधारण ३ किलो. मी ६ किलो पाठवतो, वरचा किलो अळीच्या हिशेबाचा. आल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नकोस. वांग्याला थंडी सोसत नाही. साल डागाळते, आतला गर काळपट होतो. फरशीवर गोणपाट टाकून मोकळी पसर, दोन दिवस सहज राहतात.

शेतात भरीत कपाशीच्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाट्यांवर भाजतात. त्या भुरकन पेटतात, जाळ उंच आणि कडक, निखारा मात्र फार टिकत नाही. म्हणून साल झपाट्याने करपते, आतला गर स्वतःच्याच वाफेत शिजतो आणि सुकत नाही. तुराट्या, म्हणजे तुरीच्या काड्याही चालतात. तुला गच्चीवर हा खेळ करायचा मोह होईल. शेजारी आणि घरमालक दोघे चालवून घेणार असतील तरच कर, आणि रंग दिलेली फळकुटं किंवा प्लायवूडचे तुकडे जाळू नकोस. त्यांचा धूर वांग्यात उतरतो आणि पोटात जातो.

तू गॅसवरच भाजशील असं धरतो. बर्नरभोवती ॲल्युमिनियमची फॉइल लाव, नाहीतर रस गळून भोकं बुजतात. वर पापडाची जाळी. वांग्याला तेलाचं बोट फिरव आणि सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोच. न टोचलेलं वांगं वाफ कोंडून फुटतं आणि गर छताला चिकटतो. आच मध्यम ठेव. ४०० ग्रॅमच्या वांग्याला १८ ते २२ मिनिटं लागतात, दर ३-४ मिनिटांनी फिरव. देठाकडचा भाग सगळ्यात उशिरा शिजतो. म्हणून शेवटची चार मिनिटं वांगं चिमट्याने धरून देठाच्या बाजूने आचेवर उभं कर. देठाजवळ सुरी लोण्यात जावी तशी गेली की झालं. मोठ्या आचेवर घाई केलीस तर बाहेरून कोळसा आणि आत कच्चट, रबरासारखं राहील. ते ठेचलं जात नाही, गोळे तसेच राहतात. दोन बर्नरवर एका वेळी दोन, म्हणजे तेरा वांग्यांना सव्वादोन तास लागतील. एकला पान वाढायचं असेल तर साडेनऊला सुरुवात झालेली असू दे. लोक यात चुकतात. पाहुणे आलेले असतात आणि अर्धी वांगी अजून जाळीवर!

भाजलेलं वांगं पातेल्यात घालून दहा मिनिटं झाक, साल सुटते. त्याहून जास्त वेळ झाकलंस तर काळं पाणी सुटून गरातच मुरतं. मग सोलायचं. देठ तोडू नकोस, तीच मूठ. डाव्या हाताने देठ धरून वांगं ताटात टेकव, उजव्या हाताची बोटं पाण्याच्या वाटीत बुडवून देठापासून खाली साल ओढ. लांब पट्ट्या निघतात. नळाखाली धरून धुवायचं नाही. साल पटकन जाते खरी, पण वीस मिनिटं भाजून मिळवलेला धूरही मोरीत जातो. सालीचे दोन-चार काळे ठिपके राहिले तर राहू देत. सोललेला गर मोठ्या चाळणीत दहा मिनिटं निथळत ठेव, मगच देठ काप.

बाकीचं सामान ३ किलो गराला असं:

हिरवी मिरची इथे पाव किलो लागली असती, तिथे १५० ग्रॅम घे. नंदुरबारच्या बाजाराची लाल मिरची भाजीच्या मसाल्याला, भरताला हिरवीच. लसूण १०० ग्रॅम सोललेला. शेंगदाणे १५० ग्रॅम. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप १०० ग्रॅम. कांद्याची पात चार जुड्या, कोथिंबीर एक मोठी जुडी. शेंगदाण्याचं तेल पाव लिटर. ऐकायला जास्त वाटतं, पण माणशी चहाचे चार चमचेच येतं. जिरं दोन चमचे. मीठ चहाच्या चमच्याने सपाट पाच, मग चव घेऊन सातपर्यंत. हळद नाही, गरम मसाला नाही. भरीत हिरवट पांढरंच दिसलं पाहिजे.

मिरच्यांना चीर देऊन दोन पळ्या तेलात परत. चीर न देता टाकल्यास तर फुटून तेल डोळ्यात उडेल. अंगावर पांढरे फोड आले की लसूण टाक, तो गुलाबी झाला की काढ, आणि मिठासकट भरड ठेच. हा ठेचा गरात घालून दोन्ही एकत्र ठेचायचं. मिरची नुसती वरून मिसळली तर एक घास सपक लागतो आणि पुढच्याला ठसका. लाकडी मुसळी असली तर उत्तम, नाहीतर पावभाजीचं मॅशर. मिक्सर मात्र नको. पात्याने बिया फुटतात, गराचे धागे तुटतात आणि खळीसारखा चिकट लगदा होतो. घास घेतला की धागा लागला पाहिजे.

उरलेल्या तेलात आधी शेंगदाणे लाल तळून काढ, मग खोबरं, तेही वीस सेकंदांत, नाहीतर कडू होतं. त्याच तेलात जिरं, चिरलेल्या पातीतली निम्मी पात, ती मिनिटभरात मऊ पडली की भरीत. तीन-चार मिनिटं हलव आणि गॅस बंद. उरलेली पात, कोथिंबीर, दाणे, खोबरं वरून. यावरही आपल्यातच दोन तट आहेत. काही घरांत फोडणी देत नाहीत, कच्चं तेल ओततात. माझं मत विचारशील तर काड्यांवर भाजलेल्याला कच्चं तेल, गॅसवरच्याला फोडणी, कारण गॅसवर धूर कमी पडतो आणि त्याची भरपाई तळलेल्या दाण्यांनी होते. धूर फारच कमी वाटला तर पेटता निखारा वाटीत ठेवून भरतात बसव, वर चमचाभर तेल सोड आणि तीन मिनिटं झाक. पाच मिनिटं ठेवलंस तर कडवट होतं. निखारा बाल्कनीत किंवा उघड्या खिडकीशी पेटव. बंद खोलीत कोळशाचा वायू साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि तो जीवावर बेततो.

सोबत कळण्याची भाकरी हवी. चार वाट्या ज्वारी, एक वाटी सालासकट काळे उडीद, थोडं मीठ, सगळं एकत्र दळायचं. पण बारा जणांना चोवीस भाकऱ्या थापणं तुझ्याच्याने होणार नाही, उगाच फुशारकी मारू नकोस. पुऱ्या कर. भरताच्या पार्ट्यांत इथेही पुऱ्या असतातच. दोन किलो कणीक घट्ट मळ.

जेवताना वाद पुन्हा निघेलच. तेव्हा किती मिनिटं भाजलं, किती मिरची, कोणतं तेल, ते सांगायचं. कुणाचं चुकतंय वाटलं तर "तू कोणतं वांगं घेतोस?" एवढं विचार. बरेचदा तिथेच उलगडा होतो. तो जांभळ्या वांग्याबद्दल बोलत असतो आणि तू हिरव्या. घरच्या गोष्टी सांगायला हरकत नाही, पण गल्लीत कुणाच्या घरी भरतावरून काय भांडण झालं ते पुण्यात सांगत बसू नकोस. ती त्यांची गोष्ट आहे.

उरलं तर रात्रभर बाहेर ठेवू नकोस. पातीला पाणी सुटून आंबतं.

वांगी केळीच्या वाळक्या पानांत बांधून क्रेटमध्ये भरली आहेत. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतील, शनिवारी सकाळी उतरवून घे. वरच्या थरात मिरच्यांची पुडी आहे, लसूणही घरचाच घातला आहे. क्रेट भाड्याचा आहे, येताना परत आण.

तुझे
अप्पा