कुर्डुवाडीच्या फिटरकाकांना: इंजिन उलटं करून दाखवल्याबद्दल

ती. काका,
सा. नमस्कार.

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला आमच्या गाडीनं सलग ४० फेऱ्या मारल्या. एकदाही रुळावरून उतरली नाही, एकदाही मध्येच थबकली नाही, एकदाही बोटानं ढकलावी लागली नाही. तेव्हाच फोन करणार होतो, पण तुम्ही नऊला झोपता. म्हणून हे पत्र. उघडं लिहितोय, कारण टीपॉयएवढ्या जागेत रेल्वे बसवायची हौस असलेले माझ्यासारखे बरेच जण आहेत आणि सगळे एकाच वळणावर अडकतात. नाव घालू नको म्हणालात, नाही घातलं.

माझी अडचण तुम्हाला ठाऊक आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगतो. लहानपणी वडील आम्हाला कुर्डुवाडीहून छोट्या गाडीनं, म्हणजे अडीच फुटी बार्शी लाइननं, पंढरपूरला न्यायचे. ती गाडी घरात फिरावी एवढीच इच्छा. सोलापुरात अशोक चौकाकडच्या आमच्या घरात खाली टॉवेलचे लूम, वर दोन खोल्या. बोर्ड पलंगाखाली सरकला पाहिजे, ही घरच्यांची अट. त्यामुळे माप ठरलं ६० बाय ४५ सेंटिमीटर. रूळ एन गेजचे, म्हणजे दोन रुळांतलं अंतर ९ मिलिमीटर आणि गाडी खऱ्या गाडीच्या साधारण एकशे साठाव्या हिश्शाची (१:१६०). ४५ सेंटिमीटरमध्ये गाडी वळवायची तर वळणाची त्रिज्या १५० मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. काटो या जपानी कंपनीचे १५० आणि १८३ त्रिज्येचे तयार तुकडे मिळतात, टोमिक्सचे १४० आणि १७७ चे. मला वाटलं, रूळ मिळतात म्हणजे त्यावर इंजिनंही चालत असणार.

पहिलं इंजिन घेतलं ते फक्त तोंड बघून. लांबलचक डिझेल, खाली सहा-सहा चाकांच्या दोन बोगी (डबे नव्हेत, चाकं बसवलेल्या वळणाऱ्या चौकटी), थेट आपल्या सोलापूर स्टेशनात उभं असायचं तसं. दुकानदार म्हणाला, सगळ्या वळणांवर चालतं. दुकानाचं नाव घेत नाही. डब्यावर किमान त्रिज्या छापलेली होती आणि ती मीच वाचली नव्हती. सरळ रुळावर राजासारखं चालायचं आणि वळण आलं की पुढची बोगी पाय घसरल्यासारखी बाहेर. दुसरं घेतलं वाफेचं, छोटंसं, एका चौकटीत सहा चाकं. ते उतरायचं कमी, पण वळणात कुंथायचं आणि थांबायचं. मी व्होल्टेज वाढवायचो, मग ते एकदम उडी मारायचं.

गड्ड्याच्या यात्रेला तुम्ही लेकीकडे आलात आणि शेजारचे तुम्हाला आमच्याकडे घेऊन आले, तो दिवस. मला वाटलं होतं, रेल्वेतला माणूस खेळणं बघून हसेल. तुम्ही चहाला हातही लावला नाही. इंजिन उचललंत, उताणं केलंत आणि फूटपट्टी मागितलीत. "आरं, तोंड काय बघतोस त्याचं? पाय बघ की." पुढचा अर्धा तास तुम्ही जे सांगितलंत ते मी त्याच रात्री टॉवेलच्या ऑर्डरवहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलं. ते पान अजून आहे, सुईतेलाचा डाग पडलेलं.

चाकं किती हा प्रश्न नंतरचा, म्हणालात. एका चौकटीत घट्ट बसलेल्या पहिल्या आणि शेवटच्या चाकात अंतर किती, हे आधी. ती दोन चाकं वळणाच्या दोन बिंदूंवर टेकतात आणि त्यांच्यामधून सरळ रेषा जाते. रूळ मात्र त्या रेषेपासून बाजूला फुगलेला असतो. हा फुगा मोजायची तुमची रीत: अंतराचा वर्ग, भागिले त्रिज्येच्या आठपट. रुळावर दोरी ताणून हेच मोजतात, त्याला व्हर्साइन म्हणतात, हेही तेव्हाच कळलं. माझ्या डिझेलच्या एका बोगीत टोकाच्या चाकांत २४ मिलिमीटर. २४ चा वर्ग ५७६, भागिले १२००, म्हणजे जवळजवळ अर्धा मिलिमीटर. मधलं चाक तेवढं आडवं सरकलं तरच बोगी रुळावर राहणार, आणि माझ्या इंजिनात ते केसभरही हलत नव्हतं. मी म्हणालो, अर्धा मिलिमीटर तर आहे. तुम्ही म्हणालात, एकशे साठनं गुण. आठ सेंटिमीटर! "आठ सेंटिमीटर एक्सल सरकवून दाखव मला शेडमध्ये."

वाफेच्या इंजिनाचं अंतर भरलं २८. त्याचा हिशेब ०.६५ वर गेला. पण त्याच्या मधल्या चाकांना फ्लँज, म्हणजे रुळाला धरून ठेवणारी कड, नव्हतीच, म्हणून ते उतरत नव्हतं. आधी मला तो कारखान्याचा दोष वाटला होता. वळणासाठी मुद्दाम तसं करतात, हे तुम्ही चाक नखावर फिरवून दाखवलंत.

आणि मग तो आकडा. मोठ्या लाइनीवर आपल्याकडे जास्तीत जास्त १० डिग्रीचं वळण चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. अडीच फुटी छोट्या लाइनीवर ४० डिग्री, म्हणजे ४४ मीटर. तुम्ही हे पाठ म्हणावं तसं म्हणालात आणि मी कॅल्क्युलेटर काढला. १७५ मीटरला १६० नं भागलं तर १ मीटर ९ सेंटिमीटर आले. म्हणजे मोठ्या लाइनीचं इंजिन नियमात वळवायचं तर माझ्या खोलीची भिंत पाडावी लागेल. ४४ मीटरचे आले २७५ मिलिमीटर. आणि माझे १५० मिलिमीटर म्हणजे खऱ्या जगात २४ मीटर! बार्शी लाइनीलासुद्धा जे वळण झेपलं नसतं ते मी मेल गाडीच्या इंजिनाकडून मागत होतो. तुम्ही हसलात तेव्हा पहिल्यांदा. मग चहा घेतलात, गार झालेला.

मी लगेच चार चाकी, एकदम आखूड इंजिन घेतो म्हणालो. तिथेही थांबवलंत. आखूड इंजिन वळतं खरं, पण त्याला वीज मिळते चारच जागांतून. सांध्याच्या प्लॅस्टिकवर दोन चाकं गेली, तिसऱ्याखाली धूळ आली की इंजिन मेलं. लांब इंजिन विजेला भरवशाचं, वळणाला नाही. म्हणून घेताना तीन गोष्टी एकदम बघायच्या: चाकं जवळजवळ असलेल्या दोन छोट्या बोगी, दोन्ही बोगींना मोटरचा जोर आणि सगळ्या चाकांतून वीज. चार चाकीच घ्यायचं तर ते वजनदार हवं, आणि रूळ पुसायचा कंटाळा नको. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्नही तुम्हीच बांधून दिलात: "किती चाकं वीज घेतात आणि किती चाकं ओढतात?" उत्तर आलं नाही तर दुकानातून उठायचं. मी दोनदा उठलो.

कागदाची पट्टी मात्र सगळ्यात कामाची. इंजिन वळणात उभं करायचं आणि बिलाच्या कागदाची बारीक पट्टी एकेका चाकाखाली सरकवायची. सरकली तर चाक उचललेलं आहे. तेच आरशावर ठेवून केलं की कळतं, दोष इंजिनात आहे की रुळात. माझ्या वाफेच्या इंजिनाचं मागचं एक चाक आरशावरही अधांतरी होतं. वर्षभर मी रुळाला शिव्या देत होतो.

वजनावरून तुम्ही कॅलथ्रॉपची आठवण काढलीत. १८९७ मध्ये बार्शी लाइन सुरू झाली तेव्हा त्या इंजिनिअरनं एका एक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं. रूळ हलके, वारीला गर्दी भारी. म्हणून किटसन कंपनीच्या इंजिनांना आठ चाकं जोडलेली आणि मागे आणखी चार. तुम्ही नोकरीला लागायच्या कितीतरी आधीची ती इंजिनं, पण सांगताना जणू कालच त्यांचं बेअरिंग बदललंय. माझ्या इंजिनात पुढे शिशाचा तुकडा चिकटवला होता, तो तुम्ही काढून मधोमध सरकवलात. पुढचं ओझं कमी झालं आणि मागची चाकं रुळाला टेकली. पाच मिनिटांचं काम.

दोष प्रत्येक वेळी इंजिनाचा नसतो, हेही तुमच्यामुळेच कळलं. नवीन इंजिन आलं, एकटं छान फिरलं, डबा जोडला की उतरायचं. मी ते परत पाठवायला डबाबंद करत होतो, तेवढ्यात तुमचा व्हिडिओ कॉल. फोन रुळाच्या पातळीला धरायला लावलात. डब्याचा कपलर, म्हणजे जोडायचा आकडा, डब्याच्या अंगाला पक्का होता, बोगीला नव्हे. वळणात डब्याचं टोक बाहेर झुकायचं आणि कपलर इंजिनाला शेपटीनं ओढायचा. बोगीबरोबर वळणारे कपलर लावले, संपलं. शिवाय सरळ रुळाला एकदम १५० चं वळण न जोडता मध्ये १८३ चा तुकडा घालायला सांगितलंत. खऱ्या लाइनीत वळण हळूहळू कसं सुरू होतं, ते तुम्ही हातानं हवेत काढून दाखवलं होतं. आमच्या मुलीला ते इतकं आवडलं की आता ती एसटीतही तसाच हात फिरवते.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलं नाही. आठवड्याला एक थेंब तेल म्हणालात. खाली लूम चालतात काका, इथे हवेत कापूस उडतो. तेल दिसलं की तूस येऊन बसतं आणि एक्सलभोवती पीळ घेतं, अगदी कांडी भरल्यासारखं. चिमट्यानं ओढलं तर वीतभर निघालं एकदा. त्यामुळे तेल आता दोन महिन्यांनी, सुईच्या टोकानं, आणि प्लॅस्टिकला चालणारं. लूमचं नाही. रूळ मात्र दर रविवारी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसतो. रागावू नका.

शेवटी घेतलं ते काटोच्या पॉकेट लाइन मालिकेतलं चार चाकी. अशा घट्ट वळणांसाठीच केलेलं. दोन बोगींचं घ्या असं तुम्ही सुचवत होतात, ते मला पटलंही होतं. पण तोवर मला दुसरंच काही दिसलं होतं. ९ मिलिमीटरचा रूळ १:१६० मध्ये मोठ्या गाडीचा. तोच १:८७ मध्ये धरला तर? बार्शी लाइनचे ७६२ मिलिमीटर भागिले ८७ म्हणजे पावणेनऊच्या जरा वर. म्हणजे या चार चाकांवर मोठ्या मापाची, छोट्या लाइनीची बॉडी बसवता येते. हे फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मला वाटलं लाइन कटली. मग म्हणालात, "जाड पुठ्ठा हाय का घरात?"

चुलतभावाच्या लग्नपत्रिकांचे उरलेले पुठ्ठे तुम्हाला पाठवले आणि बारा दिवसांनी कुर्डुवाडीहून काडेपेटीच्या खोक्यात बॉडी आली. खिडक्यांच्या कडा सारख्या, रिव्हेटच्या जागी सुईनं आतून उठवलेले ठिपके, आणि छपराच्या आत उलट्या बाजूनं अजून वाचता येतं: 'आमच्या येथे श्री कृपेकरून'. सोबत चिठ्ठी, की असलं इंजिन बार्शी लाइनीवर कधीच नव्हतं, कोणाला खरं म्हणून सांगू नकोस. नाही सांगत. विचारणाऱ्याला 'काकांचं इंजिन' म्हणतो.

त्या ४० फेऱ्या याच इंजिनानं मारल्या, मागे दोन डबे घेऊन.

आता पंढरपूरचा प्लॅटफॉर्म करायला घेतलाय. वळणात डब्याचं टोक साडेतीन मिलिमीटर बाहेर येतं. प्लॅटफॉर्मची कड तेवढी मागे घेऊ की प्लॅटफॉर्मच सरळ रुळावर नेऊ, कळवा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मेव्हण्याबरोबर पाठवली आहे. काकूंना नमस्कार.

तुमचा,
अशोक चौकातला टॉवेलवाला