पोर्ट बंद म्हणजे मदरबोर्ड गेला असे नव्हे

महोदय,

लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट चालेनासा झाला की अनेकांना थेट मदरबोर्ड, म्हणजे लॅपटॉपचा मुख्य बोर्ड, बदलायचा सल्ला मिळतो. हा खर्च करण्याआधी पुणेकरांनी घरी अर्धा तास द्यावा, ही कळकळीची विनंती.

त्या पोर्टमध्ये न चालणारा पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा. दोष पोर्टचाच ठरला, तर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली) भरलेला पेनड्राइव्ह चालू पोर्टमध्ये लावून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. तिथे पोर्ट चालला, तर बिघाड विंडोजच्या ड्रायव्हरचा, म्हणजे पोर्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा समजा. नाहीच चालला, तर टॉर्च मारून आत बघा. जुन्या यूएसबीला ४ पिना, यूएसबी ३.० ला ९. माउस चालतो पण हार्डडिस्क रखडते, तेव्हा वेगासाठी असलेल्या जास्तीच्या पाच पिनांपैकी एखादी वाकलेली किंवा पावसाळी दमटपणाने गंजलेली असू शकते.

टाइप-सी केबल सरळ लावली की चार्जिंग होते, उलटी लावली की नाही? बॅगेतल्या धाग्यांचा बोळा पोर्टच्या तळाशी दाबून बसलेला असू शकतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, लाकडी टूथपिकने तो अलगद उचकटा. टाचणी कदापि नको; बंद लॅपटॉपच्याही काही पोर्टमध्ये ५ व्होल्ट असतात.

एका बाजूचे सगळे पोर्ट एकदम गेले, तर आधी त्यांना मदरबोर्डशी जोडणाऱ्या चपट्या रिबन केबलवर संशय घ्या. बऱ्याच मॉडेलांत ते पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असतात आणि तेवढाच बोर्ड बदलता येतो. दुरुस्ती करणाऱ्यांनी बदललेला भाग बिलावर लिहावा, जुना ग्राहकाला परत द्यावा.

– लॅपटॉप दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ, पुणे