वरच्या मजल्यावरच्या काकांना, एका डावखुरीकडून

काका,

तुम्ही सोसायटी सोडून लेकाकडे राहायला गेलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. ते आता इथे, चारचौघांत मानते.

गिटारच्या क्लासमधून रडत जिना चढत होते, ती संध्याकाळ आठवते का? सरांचं म्हणणं, उजव्या हाताने वाजव, नाहीतर येऊ नकोस. घरी आजीचंही तेच. डावा हात प्रसादाला पुढे केला की चापट. तुम्ही समजूत वगैरे घातली नाहीत. आत बोलावलंत, कॅसेट लावलीत आणि म्हणालात, "ऐक. ही बाई गिटार उलटी धरते."

एलिझाबेथ कॉटन. नॉर्थ कॅरोलिनातली, जन्म १८९३. शाळकरी वयात लोकांच्या घरी कामं करून पैसे साठवले आणि पावणेचार डॉलरची गिटार घेतली, ती उजव्यांची. तारा न बदलता तिने ती नुसती फिरवून धरली. जाड तारा खाली गेल्या, मग खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्याने. बाकीचे नेमकं उलट करतात! 'फ्रेट ट्रेन' हे गाणं रचलं तेव्हा जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. पुढे चर्चमधल्या मंडळींनी असली गाणी सोड म्हटलं, संसार लागला, गिटार सुटली ती कित्येक वर्षं. मग वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात काम करताना तिने चुकलेली पोर आईकडे पोचवली. ती पेगी सीगर, घर सगळं गाण्यातलं. त्यांच्याकडे कामाला राहिली आणि एक दिवस भिंतीवरची गिटार खाली काढली. पहिली रेकॉर्ड १९५८ची, म्हणजे पासष्टीला. त्याआधीच तिचं गाणं इंग्लंडात भलत्यांच्या नावावर गाजून गेलं होतं. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. ग्रॅमी मिळालं नव्वदी उलटल्यावर.

तुम्हाला स्वतःला गिटार येत नव्हती, तुमची आपली पेटी. तरी त्या दिवशी माझी गिटार उलटी करून मांडीवर ठेवलीत आणि माझा डावा अंगठा धरून बारीक तारेवर टेकवलात. "हं, आता ओढ."

क्लास सुटला तो सुटलाच. पण 'फ्रेट ट्रेन' येतं मला. मधे एका ठिकाणी खर्ज अजून अडखळतो, आणि अंगठ्याला घट्टा पडलाय.

कॅसेट माझ्याकडेच आहे, काका. परत मागू नका.

तुमची,
खालच्या मजल्यावरची डावरी