होडी सोडू नकोस

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल तू शिडाची मिरर होडी गाडीवर बांधून नेलीस तेव्हा मी खाली उतरलो नाही. रुसलो नव्हतो, दोरांच्या गाठी पुन्हा तपासल्या असत्या आणि आपले पुन्हा वाजले असते. एकटी जाण्याचे तू ठरवलेच आहेस, त्यावर मी काही लिहिणार नाही. एवढेच, की कलंडलीस तर होडी सोडू नकोस.

१९६२ साली 'डेली मिरर' या ब्रिटिश वृत्तपत्राच्या पुढाकाराने जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ही होडी आखली, ती घरच्या घरी हौशी माणसाला बांधता यावी म्हणून. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचायचे आणि सांध्यांवर रेझिनने फायबरग्लासची पट्टी बसवायची. डावीकडचा सांधा तू नवव्या वर्षी केलास. तो अजून गळलेला नाही, हे मी आत्यासमोर कधी बोललो नाही. (उजवीकडचा, म्हणजे माझा, दोनदा उघडावा लागला.)

नाळ, म्हणजे होडीची पुढची बाजू, टोकदार नसून सपाट असल्यामुळे ३.३ मीटर लांबीतही पुढे भरपूर जागा आणि तरंगण्याचे बळ मिळते, मात्र आखूड लाटांवर ती थपडा खाते. तेव्हा वाऱ्याच्या फार तोंडाशी न नेता थोडी मोकळी धर, म्हणजे वेग टिकेल. वारा पाठीवर घेतलास की पाण्यात उतरणारी मधली फळी अर्धीच वर ओढ, नाहीतर शीड पलटताना बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, तिला अडेल. हे तुला माझ्याहून चांगले येते, तरी शिकवायला बसलो, माफ कर.

तिचे कप्पे हवाबंद आहेत, म्हणून ती उलटूनही तरंगते, आणि फळीवर भार देऊन सरळ केली की आत पाणी थोडेच राहते. हे सारे ठाऊक असूनही, तुझ्या दहावीच्या वर्षी, किनारा जवळ दिसला म्हणून मी होडी सोडून पोहत निघालो. किनारा जवळ नव्हता. ज्यांनी मला वर ओढले त्यांना आधी दिसले ते पाण्यावर आडवे पडलेले लाल शीड, आणि माझे डोके बऱ्याच शोधानंतर. आईला मी 'जरा भिजलो' एवढेच सांगितले होते. हे पत्र तिला दाखवू नकोस.

कप्प्यांची बुचे घट्ट बसवलीस का, ते निघण्यापूर्वी कळव.

तुझा,
बाबा