टाकळ्याचं नाव पक्कं करणाऱ्यांचे आभार

यंदा पावसाळ्यात रस्त्याकडेच्या टाकळ्याची आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राण्यांचे फोटो टाकून त्यांची ओळख एकमेकांच्या मदतीने ठरवण्याच्या संकेतस्थळावर, नोंद केली, 'सेन्ना टोरा' या शास्त्रीय नावाने. लगेच कुणीतरी 'सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया' सुचवलं, तिसऱ्याने पुन्हा टोरा. दोन तृतीयांशाहून जास्त मतं एका नावावर आल्याशिवाय तिथे जातीची ओळख पक्की होत नाही, म्हणून नोंद अडून राहिली.

मग तुमच्यापैकी एकाने शांतपणे विचारलं, "पर्णिकांच्या जोड्यांमधल्या ग्रंथींचा जवळून फोटो मिळेल का?" मी भर पावसात परत गेले. खालच्या दोन्ही जोड्यांमध्ये एकेक ग्रंथी होती. ऑब्ट्युसिफोलियात ती फक्त सर्वांत खालच्या जोडीत असते. इतकी वर्षं टाकळ्याची भाजी खाल्ली, पण ते इवलंसं टोक कधी पाहिलंच नव्हतं! ज्यांनी आधी वेगळं नाव दिलं होतं, त्यांनीही फोटो पाहून आपलं मत बदललं. त्यांचे आभार मला सर्वांत आधी मानायचे आहेत.

आणि बाभळीच्या नोंदीवर 'अकेशिया' हेच नाव हवं म्हणून मी हट्टाला पेटले होते, तेव्हा समजावणाऱ्यांचेही. 'अकेशिया' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे ठेवण्याचा निर्णय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत २००५ साली व्हिएन्नात झाला, २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत कायम राहिला. म्हणून आपली बाभूळ आता 'व्हॅचेलिया' आणि खैर 'सेनेगालिया'. हे तुम्ही न कंटाळता सांगितलंत.

तुमची खरी नावं मला माहीत नाहीत. मनापासून धन्यवाद. कुर्डूचे फोटो उद्या टाकते, जरूर पाहा.