पदपथ झाला, पण चालायचे कसे?

महोदय,

पदपथाला नव्या फरश्या बसवल्या की रस्ता चालण्याजोगा झाला, असे सर्रास मानले जाते. पण पायी जाऊन पोहोचायचे कुठे? दुकान, दवाखाना, शाळा, बसथांबा पाच-दहा मिनिटांच्या, म्हणजे साधारण ४०० ते ८०० मीटरच्या अंतरात नसतील, तर गुळगुळीत पदपथही ओस पडतो.

मला अधिक टोचते ते रस्ता ओलांडणे. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे बऱ्याच ठिकाणी धरतात. काठी टेकत निघालेल्या आजी या हिशेबात बसतच नाहीत. त्या जेमतेम मध्यावर येतात तोच दिवा लुकलुकू लागतो, गाड्या पुढे सरकू लागतात. मग त्या बाहेर पडणेच सोडतात, आणि घरी बसलेले माणूस वाहतुकीच्या कुठल्याच मोजणीत येत नाही.

जिथे माणसे आणि वाहने एकाच रस्त्यावर असतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे रस्ते सुरक्षेवरील जागतिक परिषदेच्या २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. नुसती पाटी लावून वेग उतरत नाही. त्यासाठी गाड्यांची मार्गिका अरुंद करावी लागते, ओलांडण्याची जागा पदपथाच्या उंचीला आणावी लागते. आराखडा मंजूर होण्याआधी अभियंत्यांनी तो रस्ता एखाद्या वृद्धासोबत, त्यांच्याच चालीने, एकदा तरी ओलांडावा.

– एक पादचारी